स्की-गावातली फॅमिली ट्रिप: आजी-आजोबांपासून पोरांपर्यंत सगळ्यांचा प्लॅन कसा करायचा

युरोप म्हटलं की आपल्या डोक्यात ६-७-८ असतं, म्हणजे सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बस, आणि दहा दिवसांत सहा देश. स्की-गावाला हे चालत नाही. एकच गाव, सात रात्री, आणि दिवसाचा निम्मा वेळ तर ओले मोजे हीटरवर वाळत घालण्यात जातो, हे आधी घरी पटवा. आमच्याकडे बाबांना पटायला दोन महिने लागले, "एवढे पैसे घालून एकाच ठिकाणी बसायचं?" हे दर रविवारी. आम्ही सहा जण होतो, आई-बाबा सत्तरीचे, आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा, आणि गेलो स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनला.

आधी गाव ठरवा, तेही स्की न करणाऱ्यांकडे बघून. चांगलं स्की करणाऱ्याला कुठलंही गाव चालतं, अडतं ते आजीचं. वेंगेन १२७४ मीटरवर आहे, गावात गाड्याच नाहीत, खालच्या दरीतल्या लाउटरब्रुनेन गावाहून दातेरी रुळांच्या छोट्या ट्रेनने पंधराएक मिनिटांत वर जायचं. नवशिक्या पोरांचा उतार गावातच आहे त्यामुळे आई शाल गुंडाळून नातवाला पडताना बघू शकायची, तिच्यासाठी तीच अर्धी ट्रिप. एक मात्र लक्षात ठेवा, एवढ्या उंचीवर गावात बर्फ असेलच असं नाही, कधीकधी चक्क पाऊस पडतो. वर क्लाइने शायडेगला, म्हणजे २०६१ मीटरवर, बर्फाची शक्यता बरीच जास्त.

मग तारखा. सीझन साधारण डिसेंबर मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. नाताळचा आठवडा सगळ्यात महाग, पण आपल्या शाळांना सुट्टी तेव्हाच. फेब्रुवारीत तिकडच्या शाळांच्या सुट्ट्या असतात, तेव्हाही गर्दी. जानेवारीच्या मध्यावर वेंगेनला लाउबरहॉर्न नावाची स्कीइंगची वर्ल्ड कप शर्यत असते, १९३० पासूनची, उतार जवळजवळ साडेचार किलोमीटर लांब, बघायला भारी पण त्या आठवड्यात खोली मिळणं कठीण. शाळेची आठवडाभर दांडी मारता येत असेल तर शर्यत संपल्यावरचा जानेवारीचा शेवट घ्या, माझं तरी हेच मत आहे.

व्हिसा आणि इन्शुरन्स. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, मोठ्यांची फी ९० युरो, सहा वर्षांखालच्या मुलांना फी नाही. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतोच, पण तेवढ्यावर थांबू नका. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बऱ्याचदा विंटर स्पोर्ट्स धरलेले नसतात, आणि डोंगरावर पाय मोडला तर खाली आणायला हेलिकॉप्टर येतं आणि त्याचं बिल लावतात. पॉलिसीत स्कीइंग आणि रेस्क्यू हे दोन शब्द स्वतः शोधा, एजंटच्या "हो हो, सगळं कव्हर आहे" वर जाऊ नका.

घर. किचनवालं अपार्टमेंट घ्या, सहा जणांनी रोज बाहेर जेवायचं म्हणजे दिवाळं निघेल. पीक सीझनला बरीच अपार्टमेंट शनिवार ते शनिवारच मिळतात, म्हणून विमानाची तिकिटं घराच्या नंतर काढा. मालकाला स्टेशनपासूनचं अंतर विचारताना वाटेत चढ किती तेही विचारा, पाच मिनिटांचा रस्ता बर्फात बॅगा ओढत चढायला पंचवीस मिनिटं लागतात. सामानासाठी गावात छोट्या इलेक्ट्रिक टॅक्सी असतात, आधी सांगून ठेवा.

पोचायचं कसं. मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे, पुढे बर्नमार्गे इंटरलाकेन ओस्टपर्यंत ट्रेन, आणि खरी गंमत तिथे. इंटरलाकेनहून निघणाऱ्या डोंगरातल्या गाडीचे त्स्वाइल्युचिनेन नावाच्या स्टेशनात दोन तुकडे होतात, एक तुकडा लाउटरब्रुनेनला आणि दुसरा ग्रिंडेलवाल्डला. आई-बाबा खिडकी मिळते म्हणून पुढे जाऊन बसले, आम्ही बॅगांसकट मागे, आणि त्स्वाइल्युचिनेनला बाबा खिडकीतून हात हलवत वेगळ्याच दरीत निघून गेले. त्यांचा फोन पोराकडे, त्यांचे पासपोर्ट आमच्याकडे. डब्यावर आणि प्लॅटफॉर्मवरच्या बोर्डावर नाव स्पष्ट लिहिलेलं असतं, वाचून मगच चढा, सगळे एकत्र.

तिकिटांचं म्हणाल तर एकाच गावात राहणाऱ्याला देशभर फिरायच्या स्विस ट्रॅव्हल पासपेक्षा निम्म्या भाड्याचं हाफ फेअर कार्ड बहुतेक वेळा परवडतं. महिनाभर चालतं आणि युंगफ्राउयोखच्या, म्हणजे डोंगरातल्या उंच खिंडीतल्या स्टेशनच्या, महागड्या ट्रेनलाही निम्मं भाडं पडतं. त्याबरोबर फॅमिली कार्ड मागून घ्या, सहा ते पंधरा वर्षांची मुलं आईवडिलांबरोबर फुकट. स्की-पास, म्हणजे उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टचं तिकीट, मात्र वेगळा काढायचा असतो.

कपडे. जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा, सुती कापड घाम धरून ठेवतं आणि मग हुडहुडी भरते. आत थर्मल, त्यावर फ्लीस, वर वॉटरप्रूफ जॅकेट-पँट. बुटांत मोजे एकच जोडी, लांब आणि पातळ. दोन जोड्या घातल्या की पाय आवळतो आणि उलट जास्त गार पडतो. मुलांना बोटांच्या ग्लोव्ह्जपेक्षा चारही बोटं एकत्र राहतात ते मिटन बरे, आणि दोन-दोन जोड हवेतच कारण एक ओला असणारच. सनस्क्रीन विसरू नका, बर्फावरून उन्हाची तिरीप उलटी तोंडावर येते, बाबांचं नाक दुसऱ्याच दिवशी सोललं.

स्की शाळा आणि भाड्याचं सामान. मुलांचा ग्रुप क्लास इथूनच बुक करा, मोठ्यांनीही निदान दोन दिवस शिका, नवऱ्याने बायकोला शिकवायचा प्रयोग करू नये, आम्ही केला. स्की, बूट, हेल्मेट सगळं गावात भाड्याने मिळतं. दुकानदार उंची, वय, वजन, बुटाचा नंबर विचारतो आणि इथे लाजायचं नाही. वजनाच्या हिशोबाने बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, स्क्रू लावतात, म्हणजे पडल्यावर स्की पायातून सुटली पाहिजे. मी फॉर्मवर बासष्ट लिहिलं, मुलगी शेजारून मोठ्याने म्हणाली "आई, अडुसष्ट ना?", दुकानदाराने शांतपणे खोडून स्क्रू फिरवला. बूट घालून दुकानातच दहा मिनिटं चाला, नडगीला टोचत असेल तर तिथेच बदला. पहिल्या दिवशी पूर्ण भागाचा स्की-पास घेऊ नका, नवशिक्यांच्या उताराचं वेगळं तिकीट पुरतं. पुढे निळ्या खुणेचा उतार सोपा, लाल मधला, काळ्याच्या वाटेला जायचंच नाही.

दिवसाचा हिशोब. सकाळी क्लास, दुपारी घसरगाडी किंवा झोप. चार-साडेचारला लिफ्ट बंद होतात. आई-बाबांसाठी बर्फ दाबून केलेल्या चालायच्या वाटा आहेत, त्यांच्या पाट्या गुलाबी असतात. क्लाइने शायडेगला ट्रेनने जाऊन आयगर शिखरासमोर चहा पीत बसणं हा त्यांचा रोजचा कार्यक्रम झाला. युंगफ्राउयोखचं तिकीट आधी काढून ठेवू नका, सकाळी वेबकॅम बघा आणि आकाश स्वच्छ असेल तरच निघा. ते ३४५४ मीटरवर आहे, दम लागतो, बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून मगच.

खाणं. तूप आणि पेढे बॅगेत घालू नका, भारतातून दुधाचे पदार्थ तिथे न्यायला बंदी आहे. मेतकूट, पोहे, मुगाची डाळ, गोडा मसाला, भाकरवडी खुशाल न्या. तांदूळ, बटाटे, दही गावातल्या सुपरमार्केटात मिळतं, नळाचं पाणी थेट प्या. कडक शाकाहारी असाल तर चीजबद्दल विचारा, ग्रुयेरसारख्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, असतं. आपले दोन पिनचे मोबाइल चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये बसतात, तीन जाड पिनवाली कुठलीच वस्तू बसत नाही, आईची इलेक्ट्रिक किटली आठवडाभर कपाटात पडून होती.

निघायच्या आदल्या संध्याकाळीच स्की परत करून टाका, सकाळी दुकान उघडायची वाट बघत बसलात तर ट्रेन चुकेल. परत जाताना मात्र डब्याची चिंता नाही, दोन्ही तुकडे त्स्वाइल्युचिनेनला पुन्हा जोडले जातात आणि इंटरलाकेनलाच येतात, तरी बाबा या वेळी माझ्या बॅगेचा पट्टा धरूनच चढले.