मेकॅनोतून टायटन क्रेन: प्रमाण छिद्रांवरून ठरवा

स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या गोदीत 1907 साली उभारलेल्या टायटन क्रेनची प्रतिकृती मेकॅनोतून, म्हणजे छिद्रे असलेल्या धातूच्या पट्ट्या नट-बोल्टने जोडण्याच्या खेळसंचातून, करताना प्रमाण चित्रावरून नव्हे, तर पट्ट्यांवरील छिद्रांच्या अंतरावरून ठरवावे. मेकॅनोमध्ये हे अंतर अर्धा इंच असते. त्यामुळे 1:48 हे प्रमाण घेतल्यास दोन छिद्रांमधील अंतर म्हणजे मूळ क्रेनचे नेमके 2 फूट होतात, आणि सुमारे 150 फूट उंचीची ती क्रेन साडेसदतीस इंचांत, म्हणजे 75 अंतरांत, बसते. दुसऱ्या बनावटीचा संच असेल तर अंतर आधी मोजून पाहावे.

मोठ्या रचनेत नट-बोल्ट हमखास कमी पडतात. सांगली-मिरजेतील हार्डवेअरच्या दुकानांत मिळणारे एम-4 (4 मिलिमीटर जाडीचे) बोल्ट पट्ट्यांच्या छिद्रांतून सहज जातात, तेव्हा सांगाड्यासाठी ते त्यांच्याच नटांसह खुशाल वापरावेत. मात्र मेकॅनोच्या पितळी चाकांतील आटे 5/32 इंच व्हिटवर्थ (आट्यांची जुनी ब्रिटिश पद्धत) मापाचे असून दोन्ही मापे फसवी वाटावीत इतकी जवळची आहेत. एम-4 बोल्ट तेथे जोर लावून पिळल्यास पितळेचे आटे कायमचे जातात. चाकांसाठी मूळ स्क्रू वेगळ्या डबीत ठेवणे बरे.

आडवी तुळई चढवताना मागच्या टोकाला वजन बांधल्याशिवाय पुढची लांब बाजू पूर्ण करू नये. वजनासाठी कुपवाडच्या एखाद्या वर्कशॉपमधील पोलादी तुकडे पुरतात. मोटारही मागेच बसवावी, कारण मूळ क्रेनमध्येही यंत्रसामग्री त्याच बाजूला आहे.