घरफोडी, पोलीस आणि आपण : रहिवाशाने कसे वागावे

सोसायटीत घरफोडी झाली की जिन्यात जमलेल्या गर्दीत दोन मते हमखास ऐकू येतात. 'पोलीस काही करत नाहीत' हे एक आणि 'पोलिसांच्या भानगडीत आपण कशाला पडा' हे दुसरे. दोन्ही मते मांडणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. पोलिसांचा आदर राखणे म्हणजे त्यांच्यापुढे गप्प बसणे नव्हे. त्यांना खरी, वेळेवर आणि स्वतःच्या सहीनिशी माहिती देणे, आणि तशी माहिती दिल्यावर तपासाचे काय झाले हे नियमाने विचारणे, हाच खरा आदर, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हे प्रत्यक्षात कसे करावे, ते महाराष्ट्रातील नागरी वस्तीत राहणाऱ्या सामान्य कुटुंबाला समोर ठेवून पुढे सांगितले आहे.

दार फोडलेले दिसताच घरात शिरू नये. चोर आत असण्याची शक्यता असते हे एक कारण. दुसरे असे की, पोलीस येईपर्यंत शेजारीपाजारी आत-बाहेर करतात, उचकटलेला कोयंडा कोणीतरी उचलून उलटसुलट करून पाहतो, कपाटाच्या उघड्या दारावर दहा जणांचे हात लागतात, आणि ठसेतज्ज्ञाला घेण्यासारखा ठसाच उरत नाही. उपकार करायचे म्हणून एखादी मावशी पसरलेले कपडे घडी करून ठेवते, तिलाही नम्रपणे थांबवावे. ११२ क्रमांकावर फोन करून इमारतीचे नाव, मजला, जवळची ठळक खूण आणि नेमके काय दिसते आहे एवढेच सांगावे. मात्र पोलिसांची गाडी येऊन गेली म्हणजे तक्रार नोंदली गेली, असा समज फार जणांचा असतो आणि तो चुकीचा आहे. फिर्याद वेगळी द्यावी लागते.

पोलीस ठाण्यात प्रथम भेट होते ती ठाणे अंमलदाराची, म्हणजे तक्रारी नोंदवून घेणाऱ्या कर्मचाऱ्याची. 'साहेब' किंवा 'मॅडम' म्हणून, आवाज न चढवता, घडले ते क्रमाने सांगावे. घर किती वाजता बंद केले, किती वाजता परत आलो, मधल्या वेळात किल्ली कोणाकडे होती, काय काय गेले. दागिन्यांचे वजन ग्रॅममध्ये, घडण कशी, पावती असल्यास पावती आणि एखाद्या लग्नसमारंभात तो दागिना अंगावर असलेला फोटो सोबत न्यावा. गेलेला ऐवज फुगवून सांगण्याचा मोह पुष्कळांना होतो. तीन तोळ्यांचे पाच तोळे सांगितले की पुढे जप्त मालाशी मेळ बसत नाही आणि खऱ्या तीन तोळ्यांविषयीही शंका घेतली जाते. कोणावर संशय असल्यास त्याचे कारण सांगावे. कारण नसेल तर नाव घेऊ नये. कामवाल्या बाईचे नाव सवयीने सर्वांत आधी घेतले जाते, याची लाज वाटली पाहिजे.

लिहून झालेली फिर्याद स्वतः वाचावी, वाचता येत नसल्यास दुसऱ्याकडून वाचून घ्यावी, आणि मगच सही करावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना सुरू करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवल्यास तीन दिवसांच्या आत सही करावी लागते. नोंदीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते आणि ती मागून घेण्यात संकोच नसावा. घरातील चोरी आणि घरफोडी यांना भारतीय न्याय संहितेची ३०५ आणि ३३१ ही कलमे लागतात. काही गुन्ह्यांत नोंदीपूर्वी चौदा दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा नव्या कायद्याने दिली आहे, पण ती तीन ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती आहे. चोरीसाठी केलेल्या घरफोडीची शिक्षा त्याहून मोठी असल्याने तिथे हे कारण चालत नाही.

एका बारकाव्याकडे विशेष लक्ष द्यावे. मोबाइल किंवा पाकीट खिशातून मारले गेले असताना कित्येकदा 'गहाळ झाल्याचा दाखला घेऊन जा, सिमकार्डाला तेवढा पुरतो' असे सुचवले जाते आणि आपणही घाईत मान डोलावतो. गहाळ नोंदीवर चोरीचा तपास होत नाही. वस्तू चोरीला गेली असेल तर चोरीच लिहून घ्यावी. पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या मालाची चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र ठरवली आहे, त्यामुळे तिथे फक्त एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, होईल, हेही समजून घ्यावे म्हणजे उगाच वाद होणार नाही. मोबाइलचा आयएमईआय, म्हणजे त्या यंत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक, केंद्र सरकारच्या सीईआयआर या मोबाइल-नोंदणी व्यवस्थेत बंद करून घ्यावा. ऑनलाइन आर्थिक फसवणूक असेल तर आधी १९३० या सायबर मदतवाहिनीला फोन करावा, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात वळण्यापूर्वी गोठवणे हाच खरा उपाय असतो.

नोंद करण्यास टाळाटाळ झाली तर काय करावे? प्रथम थोडी सबुरी ठेवावी. समोरचा हवालदार गणपतीचा बंदोबस्त, न्यायालयातील तारीख आणि रात्रपाळी एकामागोमाग करून बसलेला असू शकतो. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ साली आठ तासांच्या पाळीचा प्रयोग करून पाहावा लागला, यावरून त्याआधीच्या कामाच्या तासांची कल्पना यावी. परंतु सबुरी म्हणजे माघार नव्हे. ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना भेटावे. तरीही नोंद न झाल्यास कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस उपायुक्तांना, माहिती लेखी स्वरूपात टपालाने पाठवावी आणि पोचपावती जपून ठेवावी. तिथूनही काही न झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर नोंद बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले आहे. पैसे मागितले गेले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे, आणि गैरवर्तनाच्या गंभीर तक्रारींसाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. पहिल्याच दिवशी नगरसेवकाला फोन करायला लावणे मात्र टाळावे. त्या फोनने खुर्ची मिळते, चहाही मिळतो, पण ज्याने तपास करायचा तो अधिकारी मनातून दुरावतो, आणि ज्याच्याकडे नगरसेवकाचा नंबर नाही त्याची फिर्याद आणखी खाली सरकते.

तपासात रहिवाशाकडून सर्वाधिक उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे सीसीटीव्हीचे चित्रीकरण, आणि सर्वाधिक वाया जाणारीही तीच. डीव्हीआरमधील, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्रातील, जुने चित्रीकरण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून घटनेच्या दिवशीच ते वेगळे काढून ठेवावे. पडद्यावर चालू असलेले दृश्य मोबाइलने टिपून सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे म्हणजे पुरावा जपणे नव्हे. मूळ फाइल उतरवून घ्यावी आणि मूळ यंत्रातील नोंदीला हात लावू नये. यंत्राचे घड्याळ खऱ्या वेळेशी ताडून पाहावे. ते बहुतेक ठिकाणी मागे किंवा पुढे असते, आणि चित्रात दोन वाजून दहा मिनिटांनी दिसणारा माणूस प्रत्यक्षात पावणेदोनला येऊन गेलेला असू शकतो. हा फरक कागदावर लिहून तपास अधिकाऱ्याकडे द्यावा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, त्यावर यंत्राचा ताबा असणाऱ्याची, म्हणजे बहुधा सोसायटीच्या सचिवांची, सही मागितली जाते. ती द्यावी. पंचनाम्यासाठी पंच म्हणून बोलावल्यावर दार लावून घेणारे शेजारीच पुढे 'आरोपी सुटला कसा' म्हणून विचारतात. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करणे आता कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे कोऱ्या कागदावर सही घेतली जाईल ही जुनी भीती बरीच कमी झाली आहे. जे पाहिले तेवढ्यावरच पंचाने सही करावी. पोलिसांनी साक्षीदार म्हणून घेतलेल्या जबाबावर मात्र सही लागत नाही, हेही माहीत असावे. स्त्रिया, साठ वर्षांवरील पुरुष आणि पंधरा वर्षांखालील मुले यांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचे असते.

आता सर्वांत नाजूक भाग. घरफोडीनंतरच्या आठवड्यात मोबाइलवर 'टोळी फिरते आहे, मुले पळवतात' असे निरोप सुरू होतात, सोबत कुठल्या तरी अनोळखी माणसांचा फोटो असतो. असा निरोप पुढे पाठवू नये. तो आपल्या बीट अंमलदाराला, म्हणजे आपला भाग नेमून दिलेल्या पोलिसाला, दाखवून खरे-खोटे विचारावे आणि त्यांचे उत्तर गटावर टाकावे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांच्या चालकाचा असाच बळी गेला आणि तिथे पोहोचलेल्या पोलिसांवरही जमाव तुटून पडला. दोन्ही ठिकाणी मारणारे स्वतःला गावाचे रक्षणकर्ते समजत होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या कित्येक समाजांवर जन्मापासून गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी सोसायटीच्या सभेत 'ते लोक पुलाखाली उतरलेत, त्यांचेच काम' हे वाक्य अजून सहज उच्चारले जाते. सभेच्या अध्यक्षांनी ते इतिवृत्तात जाऊ देऊ नये आणि पोलिसांना देण्याच्या अर्जात तर मुळीच नाही. अर्जात प्रसंग, वेळ, वाहनाचा क्रमांक, अंगावरचे कपडे लिहावेत. जात लिहू नये.

आपल्यासमोर चोरी करताना एखादा सापडलाच तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे कोणत्याही नागरिकाला त्याला धरून ठेवता येते, पण विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. खांबाला बांधणे, मारणे, कबुली वदवून तिचे चित्रीकरण करणे हा स्वतंत्र गुन्हा होतो. शिवाय मार खाल्लेल्या आरोपीला आधी दवाखान्यात न्यावे लागते आणि चोरीचा तपास बाजूला पडून मारहाणीचा सुरू होतो.

एरवीच्या शांत दिवसांतले काम थोडेच आहे. भाडेकरूंची माहिती ठाण्यात किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर भरावी, पहारेकऱ्याची चारित्र्य पडताळणी करून घ्यावी, बीट अंमलदाराचा क्रमांक फलकावर लावावा आणि वर्षातून एखाद्या वेळी तरी त्यांना, घटना घडलेली नसताना, सभेला बोलवावे. भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर काही वर्षांनी तेव्हाचे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत साधे रहिवासी आणि साधे पोलीस अंमलदार एकत्र बसत, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. ओळख संकटापूर्वी झालेली असली की पोलिसाला कोणाला विचारायचे ते कळते आणि रहिवाशाला कोणाला सांगायचे ते.

फिर्यादीनंतरही पाठपुरावा करावा लागतो. तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला नव्वद दिवसांच्या आत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. तसे न कळल्यास गुन्हा रजिस्टर क्रमांक लिहून तपास अधिकाऱ्यांना साधे पत्र द्यावे, रोज फोन करू नये. माल सापडला तर तो ओळखून न्यायालयात अर्ज करून ताब्यात घेता येतो. आरोपी मिळालाच नाही तर पोलीस न्यायालयात 'अ' समरी अहवाल पाठवतात. त्याचा अर्थ गुन्हा खरा आहे, पण उघडकीस आला नाही, एवढाच होतो. फिर्याद खोटी ठरवणारी समरी 'ब' असते. समरीची नोटीस आल्यावर ती रद्दीत न टाकता वाचावी, तपासात राहून गेलेली ठोस बाब हाती असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हरकत घ्यावी, नसेल तर अहवाल मान्य करावा. पुढे एखादी टोळी दुसऱ्याच जिल्ह्यात पकडली जाते आणि जप्त दागिन्यांच्या याद्या ठाण्याठाण्यांतून फिरतात. तेव्हा 'अ' समरी झालेला गुन्हाही पुन्हा उघडता येतो, म्हणून फिर्यादीची प्रत, पावत्या आणि दागिन्यांचे फोटो एकाच पाकिटात ठेवावेत आणि राहण्याचा पत्ता बदलल्यास ठाण्यात तसे लेखी कळवावे.