इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती शिकायची? आधी वर्कशॉप पाहा

आयटीआयचा ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ ट्रेड दोन वर्षांचा, दहावी पासवर मिळतो. संस्था खासगी असेल तर त्याच ट्रेडला डीजीटीची, म्हणजे केंद्र सरकारच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (पूर्वी एनसीव्हीटीची) संलग्नता आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा. प्रमाणपत्राचं वजन त्यावर ठरतं.

खरी पारख मात्र वर्कशॉपात होते. प्रॅक्टिकल चालू असताना जा. सोल्डरिंग आयर्नचं टोक पाहा. त्यावर शिशाचा (सोल्डरचा) चकचकीत थर असेल तर काम नीट चालतं. काळं, जळकं टोक शिसं धरत नाही, त्यावर शिकलेल्या पोराचे जोड कोरडे, म्हणजे कच्चे राहतात. दोघांत एक मल्टीमीटर (व्होल्ट वगैरे मोजायचं मीटर) चालेल. सहा जणांत एक असेल तर बाकीचे नुसते बघत बसतात.

मग सरांना विचारा, एसएमपीएस (टीव्ही-चार्जरमधला वीज पुरवणारा भाग) उघडल्यावर आधी काय शिकवता? 230 व्होल्टच्या सप्लायवर मोठ्या कपॅसिटरमध्ये साधारण 325 व्होल्ट डीसी साठतात आणि प्लग काढल्यावरही राहू शकतात. ‘रेझिस्टर लावून डिस्चार्ज, मीटरनं खात्री, पुन्हा चालू करताना सिरीज बल्ब (दोष राहिला तर जादा करंट अडवणारा दिवा)’ असं उत्तर आलं तर माणूस जाणकार. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करायला सांगणाऱ्याकडे लेकराला पाठवू नका.

आपल्या वऱ्हाडात गिऱ्हाईक आणतं काय? कपाशीवरचा बॅटरीचा फवारणी पंप, वीज पडून उडालेला टीव्ही, सोलर पंपाचा कंट्रोलर. टेबलावर ट्रेनर किटसोबत (सरावासाठी बनवलेल्या संचासोबत) अशी खरी, बंद पडलेली यंत्रंही दिसली पाहिजेत.

प्रॅक्टिकल सुटल्यावर गावची एसटी मिळते का, तेही बघा. शेवटच्या गाडीपायी रोज तास बुडला तर हात बसत नाही.