इंजिनिअरिंग प्रवेशाचा (कॅप) ऑप्शन फॉर्म भरताय? या चुका टाळा

सीईटीचा निकाल लागला की मला ओळखीच्या दोन-चार घरांतून चहाचं बोलावणं येतं. चहा हे निमित्त असतं. टेबलावर लॅपटॉप उघडा असतो, बाजूला मित्रांकडून आलेली कॉलेजांची यादी असते आणि आई-वडील एकदम गप्प असतात. त्या गप्पपणाचं कारण बहुतेक वेळा पैसे हेच असतं. पण तो विषय कुणी काढत नाही, कारण मुलाचा हिरमोड होईल. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात मला दिसलेली सगळ्यात महागडी चूक हीच.

फीचा विषय जागा लागल्यावर काढणं

पूर्वी हे एक वेळ चालून जायचं. २०२५-२६ च्या प्रवेशांपासून कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या तीनच्या चार झाल्या आणि नियम कडक झाला. ऑप्शन फॉर्म म्हणजे पसंतीक्रमाने भरलेली कॉलेज-ब्रँचची यादी. पहिल्या फेरीत यादीतला पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काहीही लागलं तरी तेच. जागा आपोआप फ्रीझ होते, म्हणजे तीच कायम धरली जाते; नको म्हटलं तर पुढच्या फेऱ्या बंद. म्हणजे वरचे सहा पर्याय हे ‘बघू या लागतं का’ म्हणून टाकायचे नाहीत. लागलं तर भरायची आपली तयारी आहे का, हे आधी ठरवून टाकायचे.

एका घरी हे उलट्या क्रमाने झालेलं मी पाहिलं. मुलाने पहिल्या नंबरवर पुण्यातलं एक नावाजलेलं खासगी कॉलेज टाकलं होतं. लागलं, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी वडिलांनी हॉस्टेलला फोन लावला. त्यानंतर त्या घरात आठवडाभर जे चाललं ते पेढ्यांच्या चवीचं नव्हतं.

हिशेब काही अवघड नाही. खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय बघता येते. त्यात ट्यूशन फी आणि डेव्हलपमेंट फी वेगवेगळी दिलेली असते, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. खुल्या प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती मिळते. तिलाच सगळे ईबीसी म्हणतात. तीत ट्यूशन आणि परीक्षा शुल्काचा निम्मा भाग सुटतो. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस यांना ती शिवतही नाही. समजा ट्यूशन फी १ लाख २० हजार आणि डेव्हलपमेंट १५ हजार आहे. ईबीसीमुळे ६० हजार वाचले तरी ७५ हजार भरायचेच. हॉस्टेल-मेसचा वर्षाचा एक लाख धरला तर झाले पावणेदोन लाख, आणि चार वर्षांचे सात लाख. त्याच मुलाने घरून एसटीने जाता येईल असं कॉलेज घेतलं तर हॉस्टेलचे चार लाख निघून जातात. ‘फी अर्धी माफ आहे’ एवढ्यावर निर्धास्त झालेल्या घरात हा आकडा कागदावर मांडला की यादीचा क्रम आपोआप बदलतो.

मुलींचं गणित वेगळं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना ट्यूशन आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पण ही माफीही केंद्रीय प्रक्रियेतून आलेल्या जागेवरच. इन्स्टिट्यूट लेव्हलची, म्हणजे मॅनेजमेंट कोट्याची जागा घेतली तर ती मिळत नाही. ‘कोट्यातून घेऊ, शिष्यवृत्ती मग बघू’ असं सांगणारा एक काका प्रत्येक घरात भेटतो. त्याला चहा द्यावा आणि विषय बदलावा.

टीएफडब्ल्यूएसचा कोड विसरणं, किंवा तेवढाच टाकणं

टीएफडब्ल्यूएस म्हणजे ट्यूशन फी वेव्हर, अर्थात ट्यूशन फी माफीची योजना. तीत प्रत्येक कोर्सला मंजूर जागांच्या वर पाच टक्के जागा असतात. उत्पन्नाची मर्यादा इथेही आठ लाख, आणि प्रवर्ग कुठलाही चालतो. फॉर्ममध्ये प्रत्येक कॉलेज-ब्रँचचा एक चॉईस कोड टाकायचा असतो; या जागेला वेगळा कोड असतो, शेवटी टी लावलेला. मुलं फक्त साधा कोड टाकून मोकळी होतात. त्याच कॉलेजची, त्याच ब्रँचची ट्यूशन फी माफ असलेली जागा शेजारीच होती, हे त्यांना नंतर कळतं.

जिथे आपण पात्र आहोत तिथे टीचा कोड वर आणि साधा कोड लगेच खाली, अशी जोडी लावायची. नुसता टी टाकून थांबायचं नाही, कारण जागा मोजक्या असतात आणि कटऑफ सहसा खुल्या जागेपेक्षा वर जातो. आणखी एक मेख: या जागेवर प्रवेश घेतला की पुढे कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही. मेकॅनिकलचा टी घेऊन दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटरला जाऊ, हा बेत असेल तर तो सोडून द्या.

भलत्याच कॉलमातला कटऑफ वाचणं

कटऑफच्या पीडीएफमध्ये GOPENH, GOPENO, LOPENH असे कोड दिसतात. सुरुवातीचा जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधलं ओपन म्हणजे खुला प्रवर्ग. शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, म्हणजे कॉलेज ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात आहे तिथलीच मुलं, ओ म्हणजे त्याबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तरावरच्या जागा. एच आणि ओ यांच्यात कधी कधी चांगलीच तफावत असते.

आणि आपली होम युनिव्हर्सिटी कुठली, हे घर कुठे आहे यावरून ठरत नाही. बारावी कुठून झाली त्यावरून ठरते. जळगावच्या मुलाने अकरावी-बारावी नाशिकला केली तर त्याचं होम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. जळगावच्या कॉलेजांत तो बाहेरचा. घरच्या जवळचं स्वस्त कॉलेज शोधताना नेमकी हीच गोष्ट नडते, कारण आपण एचचा आकडा बघून खूश झालेलो असतो.

दुसरी गोष्ट पर्सेंटाइलची. पर्सेंटाइल म्हणजे मार्कांचे टक्के नव्हेत, तर आपल्या मागे किती टक्के मुलं आहेत ते; हे सांगून सांगून मी थकलोय. तीन लाख मुलं परीक्षेला बसली असतील तर एक पर्सेंटाइल म्हणजे तीन हजार मुलं. बसणाऱ्यांचा आकडा दरवर्षी बदलतो, म्हणून मागच्या वर्षीच्या ९४ ची यंदाच्या ९४ शी तुलना फसवी ठरू शकते. कटऑफमध्ये पर्सेंटाइलसोबत मेरिट नंबरही छापलेला असतो, तो आपल्या मेरिट नंबरशी ताडून बघा. तोही अंदाजच, पण जवळचा. त्यात भर म्हणजे २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेने, ब्रँचमधल्या जागांवरची कमाल मर्यादा काढून टाकली. कॉम्प्युटरच्या जागा वाढलेल्या कॉलेजात मागच्या वर्षीचा आकडा यंदा तसाच राहील असं धरू नका. यंदाची प्रवेशक्षमता बघून घ्या.

‘पुणे नाही तर काहीच नाही’

सरकारी म्हटलं की मुलांना पुण्याचं सीओईपी आणि मुंबईचं व्हीजेटीआय एवढंच आठवतं. ती दोन लागली नाहीत की थेट खासगीची यादी सुरू. मध्ये कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, चंद्रपूर, यवतमाळ, रत्नागिरी आणि अवसरीची शासकीय कॉलेजं आहेत. नांदेडचं श्री गुरु गोबिंदसिंहजी आहे, सांगलीचं वालचंद आहे. बहुतेक खासगी कॉलेजांपेक्षा यांची फी बरीच कमी, आणि शहरात राहण्याचा खर्चही कमी. ब्रँच हवी ती मिळेलच असं नाही. पण कर्ज काढून महानगरातलं नवं कॉलेज घेण्यापेक्षा कराडचं इलेक्ट्रिकल मला केव्हाही बरं वाटतं. हे माझं मत, पटलं नाही तरी चालेल.

कटऑफच्या उतरत्या क्रमाने यादी लावणं

जागा वरून खाली बघत दिली जाते. वरचा पर्याय आपल्या आवाक्याबाहेरचा निघाला तर नुकसान काहीच नाही, खालचा तपासला जातो. म्हणून क्रम आवडीचा आणि परवडण्याचा लावायचा, कटऑफचा नाही. मार्क वाया जायला नकोत म्हणून नको असलेलं कॉलेज वर टाकणारी मुलं मी पाहिली आहेत. ते लागलं की रडतात.

तीनशेपर्यंत पर्याय टाकता येतात, म्हणून तीनशे भरायचीही गरज नाही. माझा ठोकताळा असा: वर काही थोडी हात पुरतो का बघायची, मध्ये आपल्या मेरिट नंबरच्या आसपासची, आणि तळाला मागच्या वर्षी आपल्यापेक्षा हजारो नंबर मागे बंद झालेली पाच-सहा. तळाची कॉलेजं मुलं आळसाने भरतात. तिथेही खरोखर जायची तयारी असलेलीच टाका.

कागदपत्रं आणि पासवर्ड

नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत पुढच्या ३१ मार्चपर्यंत हवी. जात वैधता प्रमाणपत्र वेळेत दिलं नाही तर खुल्या प्रवर्गात गणलं जातं, आणि मग वर मांडलेलं पैशांचं गणित कोसळतं. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरून मिळणारी शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच येते. बँकेत ते काम जूनमध्येच उरका.

फॉर्म भरून देणाऱ्या ‘काउन्सेलर’ला लॉगिन आणि पासवर्ड देऊ नका. सल्ला घ्या, बटण स्वतः दाबा. आणि यादी सेव्ह करून झोपू नका. फॉर्म कन्फर्म केल्याशिवाय तो वाटपात धरलाच जात नाही. कन्फर्म करायच्या आधी त्याची एक प्रत छापा, वरच्या सहा नावांसमोर चार वर्षांचा खर्च पेनाने लिहा आणि आई-बाबांसमोर ठेवा. एखाद्या नावावर त्यांचं बोट थबकलं तर ते नाव त्याच वेळी खाली सरकवता येतं.