सुट्टीत गावी जाताय? ट्रॅक्टरवर फेरी नको

मे महिन्यात मुंबईहून गावी गेलेल्या मुलांना ट्रॅक्टर म्हणजे जत्रेतला पाळणाच वाटतो, आणि मामाही कौतुकाने भाच्याला मडगार्डवर बसवतो. तिथे स्पष्ट नाही म्हणा. मामा रुसला तर रुसू दे. सीट एकट्या चालकाची असते. खड्ड्यात दणका बसला की मूल थेट मागच्या चाकाखाली, नाहीतर मागे जोडलेल्या रोटाव्हेटरमध्ये, म्हणजे माती फोडणाऱ्या फिरत्या पात्यांमध्ये. त्याहून फसवा मागचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा. तो साधारण मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. ओढणीचं टोक अडकलं तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. ट्रॅक्टर उभा असेल तेव्हा किल्ली काढलेली आणि अवजार जमिनीला टेकवलेलं हवं. रिव्हर्स घेण्याआधी सगळी पोरं ओट्यावर दिसली पाहिजेत, नुसती हाक मारून भागत नाही.