रेलिंगला रॉड होल्डर पक्का बसवायचा तर

मालवणजवळ देवबागला, कर्ली नदीच्या मुखावर आमची फायबरची होडी असते. हौसेने गळ टाकायला येणारे पाहुणे स्वतःचे होल्डर, म्हणजे गळाची काठी उभी खोचायच्या नळ्या, घेऊन येतात आणि पहिला प्रश्न हाच असतो, "हा फिरतो का हो सारखा?" बहुतेक वेळा होल्डर चांगलाच असतो. मापात किंवा जागेत गडबड असते.

आधी पाईप मोजा. दुकानात 'एक इंची' म्हणून दोन वेगळे पाईप मिळतात. एकाचा बाहेरचा व्यास 25.4 मिमी, दुसऱ्याचा 33.4. तेव्हा नावावर जाऊ नका. पाईपभोवती दोरा गुंडाळा, पट्टीवर धरा, 3.14 ने भागा. दोरा 80 मिमी भरला तर पाईप 25 चा, 105 भरला तर 33 चा. होल्डरचा क्लॅम्प, म्हणजे पाईपला पकडणारी कडी, त्याच मापाचा हवा.

मग जागा. इथे घाई करू नका, सगळा खेळ इथेच आहे. सुरमईसाठी होडी चालवत गळ ओढताना ताण मागे जातो. मागच्या आडव्या रेलिंगवर हा ताण क्लॅम्पला पाईपभोवती फिरवू बघतो. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, 4 किलोवर आणि काठीचा शेंडा दोन मीटर लांब असेल, तर एक वीतभर पान्याच्या टोकाला 40 किलो लटकवल्याएवढा पीळ तिथे बसू शकतो. काठी वाकते म्हणून थोडा कमी, पण माशाचा झटका वेगळाच. बाजूच्या रेलिंगवर तोच ताण पाईपच्या लांबीत जातो. तिथे क्लॅम्प फिरत नाही, मागे सरकतो. म्हणून मी होल्डर नेहमी बाजूला लावतो, उभ्या खांबाच्या पुढच्या अंगाला, खांबाला टेकवून. सरकायला जागाच उरत नाही, आणि खांबाजवळ पाईप लवतही नाही. काठी बाहेरच्या बाजूला थोडी तिरकी ठेवा, म्हणजे दोन काठ्यांच्या दोऱ्या एकमेकींत अडकत नाहीत.

पाईपला भोक पाडून बोल्ट घालू नका. पाईप तिथेच कमजोर होतो आणि खारं पाणी आत शिरतं.

बसवताना पाईप गोड्या पाण्याने धुऊन कोरडा करा. क्लॅम्पखाली रबराची पातळ पट्टी, सायकलच्या ट्यूबची चालते, एकच वेढा. बोल्ट खाऱ्या पाण्यात जास्त टिकणाऱ्या 316 ग्रेडच्या स्टीलचे घ्या. लोहचुंबक लावून ग्रेड ओळखता येत नाही, कमी टिकणारं 304 पण सहसा चिकटत नाही, तेव्हा खात्रीच्या दुकानातूनच आणा. आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर स्टीलवर स्टील घासून नट मध्येच जाम होतो आणि मग कापावाच लागतो. दोन्ही बोल्ट आळीपाळीने, पाव-पाव फेरा आवळा. आवळून झाल्यावर क्लॅम्पच्या दोन पाळ्यांमध्ये दोन-तीन मिमी फट दिसली पाहिजे. पाळ्या एकमेकींना टेकल्या तर पकड पाईपवर नाही, पाळ्यांवरच आहे. रबराची जाडी वाढवा.

आता क्लॅम्प आणि पाईप या दोन्हींवरून ऑइलपेंटची एक सरळ रेघ ओढा. किनाऱ्यावरच काठी लावा, दोरीला ताणकाटा अडकवून 4 किलोपर्यंत ओढा, मागे आणि बाहेरही. रेघ तुटली तर क्लॅम्प हलला.

काठीला सुरक्षेची दोरी हवीच. ती होल्डरला नाही, होडीच्या पक्क्या कड्याला बांधा. आणि ड्रॅग कधी पूर्ण आवळून ठेवू नका. गळ खडपात अडकला आणि होडी पुढेच जात राहिली, तर काठी मोडेल किंवा रेलिंग वाकेल.

रोज परतल्यावर होल्डरवर गोडं पाणी ओता. रबराखाली अडकलेलं खारं पाणी मात्र नुसतं ओतून निघत नाही, आणि हवा न लागल्याने चांगलं स्टीलही तिथेच बारीक खड्डे पडून खाल्लं जातं. म्हणून महिन्यातून एकदा क्लॅम्प सोडून खालची जागा पुसा. जून-जुलैच्या बंदीत होडी वर ओढली की होल्डर उतरवून घरात ठेवा, आणि ऑगस्टला परत बसवताना नायलॉक नट नवे घाला. जुन्यांतली नायलॉनची कडी सैल झालेली असते.