हाताने चालते, क्रॉनमध्ये अडते

टर्मिनलवर झकास चालणारी स्क्रिप्ट क्रॉनला (लिनक्समध्ये ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) दिली की ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणत मान टाकते. स्क्रिप्टची चिरफाड करण्याआधी क्रॉनला काय दिसतं ते बघा. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलमध्ये, दर मिनिटाची एक तात्पुरती ओळ टाका: एन्व्ह कमांड (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दाखवणारी) चालवायची आणि आउटपुट टेम्प फोल्डरमधल्या फाइलमध्ये वळवायचं. मग टर्मिनलवर एन्व्ह चालवून दोन्ही शेजारी ठेवा. तुमचा पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, लांबलचक, क्रॉनचा मात्र डेबियनवर जेमतेम दोन फोल्डरांचा. ‘यूझर लोकल बिन’ त्यात नाहीच! बॅशआरसी या सेटिंगच्या फाइलमधली एलियासं (कमांडची टोपणनावं) तर विसराच. उपाय सोपा: स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच पाथ स्वतः लिहा.

शेलही, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅमही, वेगळा असतो. क्रॉन एसएच वापरतो, आणि उबुंटूवर एसएच म्हणजे 2006 पासून डॅश, बॅश नव्हे. त्यामुळे दुहेरी चौकटी कंसातली अट किंवा अॅरे तिथे फसतो. पहिल्या ओळीत बॅशचा शेबँग (फाइल कशाने चालवायची ते सांगणारी खूण) द्या, आणि फाइलच्या नावाआधी ‘एसएच’ लिहून ती चालवू नका. तसं केलं तर शेबँगला कुणी विचारत नाही.

माझी एक अख्खी रात्र खाल्ली ती टक्क्याच्या चिन्हाने. बॅकअपच्या नावात तारीख हवी म्हणून डेट कमांड थेट क्रॉनटॅबच्या ओळीत लिहिली होती. तिथे टक्का आला की कमांड संपते, पुढचं सगळं तिला इनपुट म्हणून जातं. प्रत्येक टक्क्याआधी बॅकस्लॅश द्या, नाहीतर तारखेचं काम स्क्रिप्टच्या आतच करा. मी आता हा दुसरा उपायच करतो.